शून्याचं पेर

गुरुवारी सकाळी हिरामणनानांनी चहाचा कप घेऊन मागचं दार उघडलं, तेव्हा जर्मनच्या वाडग्यातलं पाणी काठोकाठ होतं. झालं ते एवढंच. काल संध्याकाळी ओतलं तेवढंच पाणी, त्यात शेवग्याची चार पिवळी पानं, आणि शेजारी भाकरीचा चतकोर, मुंग्यांनी ताब्यात घेतलेला. साखळी खांबाला होती, पट्टा साखळीला होता, कुत्रा नव्हता. आता कुत्रा नसणं ही काही घाबरण्याची गोष्ट नव्हती. गुळ्याला नानांनीच काल संध्याकाळी, दहावा दिवस पुरा झाल्यावर, कपाळाला हळदकुंकू लावून आणि पेढा भरवून रीतसर मोकळं केलं होतं. मोकळं केल्यावरही जो जागेवर बसून राहील तो कुत्रा नव्हे, कायम झालेला कर्मचारी, असं नाना मनाशी म्हणाले आणि हसलेसुद्धा. पण डोळे वाडग्यावरून हलेनात. गुळ्या रोज सकाळपर्यंत वाडगं इतकं स्वच्छ चाटून ठेवायचा की स्वयंपाकाला येणाऱ्या भागीबाईला घासावं लागत नसे. आज पाण्याला तोंडच लागलं नव्हतं. चहाचा घोट नानांच्या घशाशी आला आणि तिथे जरासा थांबला, खाली जावं की नाही याचा विचार करत असल्यासारखा.

दिवस मोजण्यात नानांचा हात धरणारं नाशकात कोणी नव्हतं. एकतीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या खिडकीवर बसून त्यांनी निधनाच्या बातम्या आणि दशक्रियेची निवेदनं घेतली. माणसं रडवेली यायची, फोटो घरी विसरायची, 'वैकुंठवासी' लिहायचं की 'कैलासवासी' यावरून तिथेच भाऊबंदकी काढायची. नाना फक्त विचारायचे, "गेले कधी?" सोमवारी म्हटलं की अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर पडायचा आणि सरकत सरकत दहाव्यावर थांबायचा. "बुधवारी. रामकुंडावर सकाळी आठ. कावळ्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवा." गेला तो दिवस पहिला. दिवस मावळता मावळता गेला तरी पहिला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सटाण्यापासून इगतपुरीपर्यंतचे सोयरे अजून फोन करायचे, नाना, आमच्या आत्याचा दहावा कधी येतो हो? कॅलेंडर घराघरात लटकलेलं असतं, पण घरात माणूस गेलं की छापलेल्यावर भरवसा उरत नाही. एकतीस वर्षांत नानांचा दिवस कधी चुकला नव्हता. एकदा फोटो चुकला होता, जिवंत मेव्हण्याचा छापला गेला होता, पण दिवस बरोबर होता.

कुत्रा चावला तो सोमवारही नाना असाच ठणकावून सांगू शकत होते. या आठवड्यातला नव्हे, त्याच्या आधीचा. भागीबाई गेली दोन वर्षं, म्हणजे नानांची बायको मंगलाबाई गेल्यापासून, त्यांच्याकडे सकाळचा स्वयंपाक करायची. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची, पंचेचाळिशीची, हातापायांनी काटक बाई. मागच्या दारी खरकटं टाकायला गेली आणि गुळ्याच्या शेपटीवर तिचा पाय पडला. गुळ्याने वळून पोटरी धरली. भागीबाई ओरडली नाही. "आता काय म्हणावं या मेल्याला," असं अगदी घरगुती आवाजात म्हणाली आणि खाली बसली. रक्त मात्र तिच्या आवाजासारखं शांत नव्हतं. भिंतीपलीकडून उज्वलाताईंनी मान वर काढून मिरचीपूड भरायला सांगितली. "मिरची भाजीला ऱ्हाऊ द्या ताई," भागीबाई म्हणाली. नानांनी नळाखाली पाय धरून साबणाने पाव तास धुतला आणि रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी जखमेभोवती टोचलं, दंडावर टोचलं आणि मान वर न करता विचारलं, "कुत्रा कोणाचा?" "माझा," नाना म्हणाले, आणि एवढा अपराधी आवाज त्यांच्या तोंडून लग्नात होकार देतानाही निघाला नव्हता. "लस दिलेली?" मंगलाबाई दर वर्षी द्यायची. तिच्यामागे कार्ड कपाटात तसंच होतं, शेवटचे दोन रकाने कोरे. "दहा दिवस बांधून ठेवा. खातो-पितो का बघा. आजारी पडला, मेला, हरवला तर लगेच इथं या. आणि यांच्या सुया चुकवायच्या नाहीत. कागदावर दिवस लिहिलेत."

कागद नानांनी घडी करून खिशात ठेवला आणि घरी आल्यावर फ्रिजवर अडकवला. वाचला नाही. दिवस त्यांना कोणी कागदावर लिहून द्यावेत हे जरा जास्तच झालं.

उज्वलाताईंचं म्हणणं होतं की महापालिकेची गाडी बोलवावी. "नाना, तुम्ही एकटे. ते पिसाळलं तर तुम्ही काय त्याला निवेदन वाचून दाखवणार?" पण गुळ्याला देणं नानांच्या हातात नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रामकुंडावर मंगलाबाईच्या पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. कावळे होते, शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते, मंगलाबाईच्या पिंडाकडे मात्र बघून मान फिरवत होते, थेट तिच्यासारखी. जावयाने सांगितलं, "पोरींना अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. भावाने सांगितलं, "वाटणीचं मिटवतो." कावळ्याचा त्यावर विश्वास बसला नाही. शेवटी नाना हात जोडून पुटपुटले, तुझ्या गुळ्याला मरेपर्यंत सांभाळीन. आणि शब्द पुरा व्हायच्या आत काळी झडप पडली. आपल्या संसाराचं सार एका कुत्र्यात निघालं याचं नानांना त्या दिवशी थोडं वाईट वाटलं होतं, पण वचन ते वचन. तेव्हा दहा दिवस गुळ्या इथेच, या खांबाला. रोज संध्याकाळी नाना त्याच्या साखळीच्या टप्प्यात खुर्ची टाकायचे, चपला काढायचे, निधनाची पानं वाचत मनातल्या मनात दहावे मोजायचे, आणि गुळ्या त्यांच्या टाचा चाटायचा. टाचांना भेगा होत्या, बोटाचं अग्र जाईल एवढ्या. चाटलं की बरं वाटायचं. मंगलाबाई असताना ती त्यांना आमसुलाचं तेल लावायची.

मोजणी चोख चालली होती. बुधवारी तिसरा म्हणून त्यांनी भागीबाईला दुसऱ्या सुईसाठी पाठवलं, तर तिला परत पाठवलं, उद्या या. नाना हसले होते. "सरकारी माणसं. यांना काम एक दिवस पुढे ढकलल्याशिवाय जेवण जात नाही." ती गुरुवारी परत गेली, सुई घेऊन आली. मग सातवा आला रविवारी, दवाखान्यात त्या कामाला कोणी नसणार, आणि त्याच रविवारी भागीबाईला भाताच्या आवणीसाठी गावी जायचं होतं. चिखलणी झालेली, रोपं काढलेली, भात कोणासाठी थांबत नाही. पिशवी काखेत मारून ती दारात उभी होती. "नाना, तिसऱ्या सुईचं कसं करायचं?" आणि नाना म्हणाले होते, तो आवाज आता त्यांना जशाचा तसा ऐकू आला, खिडकीतला, एकतीस वर्षांचा, गुळगुळीत आवाज: "राहू दे. कुत्रा ठणठणीत आहे. बुधवारी दहावा. दहा दिवस कुत्रा जगला म्हणजे तुला काही नाही. मी मोजतोय ना?" भागीबाईने मान हलवली होती. काल संध्याकाळी कुंकू लावून झाल्यावर नानांनी तिच्या दिराला, चंदरला, फोन लावला. चंदर रोज संध्याकाळी रेंजसाठी टेकडीवर चढतो, तेव्हाच सापडतो. "चंदर, भागीबाईला सांग, दहावा झाला." "अरे देवा. कोण गेलं नाना?" "कोणी नाही. तेच तर सांगतोय."

आता चहा गार झाला होता. नाना आत आले आणि फ्रिजवरच्या गणपतीच्या चुंबकाखालून त्यांनी तो घडीचा कागद काढला. चावल्याची तारीख होती आणि खाली एक तक्ता होता. दिवस शून्य. दिवस तीन. दिवस सात. दिवस अठ्ठावीस. नाना बराच वेळ शून्याकडे बघत राहिले. ते लहान होतं, निळ्या शाईचं, अंड्यासारखं. चावला तो दिवस पहिला नव्हता. चावला तो दिवस काहीच नव्हता. मग तिसरा गुरुवारी, म्हणून बुधवारी परत पाठवलं. सातवा सोमवारी, दवाखाना उघडा असतानाचा सोमवार. आणि दहावा काल नव्हे. दहावा आज. मेलेल्या माणसाचा दिवस एकपासून सुरू होतो, जिवंत माणसाचा शून्यापासून, हे एकतीस वर्षांत त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण खिडकीवर जिवंत माणसाचं निवेदन द्यायला कोणी येत नाही. एक दिवस. फक्त एक दिवस, पण तोच दिवस कुत्र्याने पाणी न पिण्यासाठी आणि नाहीसं होण्यासाठी निवडला होता. आणि पेठच्या पलीकडे चिखलात एक बाई वाकलेली होती, तिच्या अंगात दोनच सुया होत्या, आणि तिसरी नानांनी माफ केली होती.

"उज्वलाताई," भिंतीपाशी जाऊन ते म्हणाले, "गुळ्या दिसला का?"

"सकाळी दिसला की. दूध आणायला गेले तेव्हा. नदीकडे चालला होता."

"कसा?"

"कसा म्हणजे? चार पायांनी."

"ताई, चेष्टा नको. मान कशी होती?"

"मान जरा वाकडी होती. मी हाक मारली तर बघितलं नाही. नाना, तुम्ही सोडला त्याला?"

नानांनी चंदरचा फोन लावला; ज्या बाईने तो संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं सांगितलं तिचा आवाज फार आनंदी होता. मखमलाबाद रस्त्याने ते नदीपर्यंत गेले, गुळ्या गुळ्या करत, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हाक हळू मारतोय. तो खरोखर आला तर? तोंडाला फेस घेऊन, वाकड्या मानेने, शेपटी हलवत आला तर? दोन गुळ्या आता त्यांच्या डोळ्यांपुढे होते, एक पेढा खाणारा आणि एक पाण्याकडे पाठ करणारा, आणि गेल्या चार दिवसांतलं त्याचं प्रत्येक वागणं या दोघांत वाटून घ्यावं लागत होतं. मंगळवारी तो विनाकारण भुंकला होता. आवाज घोगरा होता का? की घोगरा आता वाटतोय? काल पेढा त्याने गिळला की नुसता तोंडात धरला? लाळ होती. पेढ्याला लाळ सुटणारच. पण एवढी? आजारी पडला तर लगेच या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आणि नाना दहा दिवस रोज शेजारी बसून बघत काय होते, तर निधनाचं पान.

पेठच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. गाडीत चार-पाच जण, एक कोंबड्यांची पाटी, एक मिस्रीचा वास. नाशिकची शेवटची गॅरेजं मागे पडली आणि नानांना तो माणूस आठवला. आठवला असं नाही; तो दहा दिवस दाराबाहेर उभाच होता, आत्ता त्याने आत पाऊल टाकलं. पंधराएक वर्षांपूर्वी खिडकीवर आलेला, बागलाणकडचा, कांदा विकायला आल्यासारखे कपडे. मुलीचं निवेदन द्यायचं होतं. वय एकोणीस. नानांनी सवयीने विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, "कुत्रं चावलं होतं दोन महिन्यांपूर्वी. जरासं." आणि अंगठा आणि तर्जनीत दाखवलं, जरासं म्हणजे केवढं. "कुत्र्याचं पुढे काय झालं?" "बघितलं नाय भाऊ. कांद्याची काढणी चालू होती." खिडकीमागे ऑफिसचा पाण्याचा नळ होता, रोज ठिबकायचा, त्याची कोणाला दखल नव्हती. तो माणूस एकदम म्हणाला, "तेवढा नळ बंद करता का?" नाना उठून नळ पिळून आले. तरी ठिबकत होता. खाली फडकं ठेवलं. तेव्हा त्या माणसाने सांगितलं की शेवटच्या दोन दिवसांत तिला तांब्याचा आवाज सोसत नव्हता, तहान होती आणि पाणी समोर धरलं की गळा आवळून यायचा, आणि ती शुद्धीवर होती, त्याला दादा दादा म्हणत होती, म्हणजे सगळं तिला कळत होतं. नाना हळूच म्हणाले होते, "गेली कधी?" "शुक्रवारी." अंगठा करंगळीवर. "रविवारी दहावा." हिशेब बरोबर होता. तो माणूस नमस्कार करून गेला आणि नानांनी पुढच्याला हात केला.

सावळघाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा नानांचा घसा कोरडा पडला. बाटली काढली. पाणी गाडीबरोबर डुचमळत होतं. एक घोट घेतला, तो गेला. दुसरा मुद्दाम घेतला, तपासणीसाठी, तो जरा अडला. तिसरा घ्यायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात उजवी टाच ठणकली. नाना चप्पल काढून टाचेकडे बघू लागले, भेगेत काल संध्याकाळचा ओलावा अजून असल्यासारखा, आणि मग त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की त्यांनी पाय पटकन सीटखाली ओढला. मरणाला टेकलेली बाई तिकडे चिखलात, आणि हे टाच बघतायत. मंगलाबाई बरोबर म्हणायची, "तुम्हाला दुसऱ्याचं दुःख छापायला आवडतं." नाही. आत्ता विचार फक्त भागीबाईचा. दोन सुया आहेत, म्हणजे अर्धी वाट झालीय. तिला उचलून गाडीत घालायचं आणि पेठच्या दवाखान्यात न्यायचं. पण ती पाणी पीत नसेल तर? चंदर दारात उभा असेल तर? तो म्हणेल, नाना, तुम्ही मोजत होतात ना. आणि मग कोणीतरी विचारेल, गेली कधी? त्या वेळी अंगठा कुठल्या पेरावर ठेवायचा?

पेठहून काळ्या-पिवळ्या जीपने अर्धा तास, मग चालत. पाड्यावर घरं उघडी आणि रिकामी होती, सगळं गाव खाचरांत. बांधावरून चपला हातात घेऊन नाना चालत होते, पाय घसरत होते. खाली खाचरात सात-आठ बाया ओळीने वाकलेल्या, डोक्यावर इरली, सगळ्या पाठी सारख्या. कोणाची पाठ जिवंत आहे हे पाठीवरून कळत नाही. "भागीबाई!" त्यांनी हाक मारली, आणि आवाज घोगरा निघाला, आणि त्या घोगरेपणाने ते स्वतःच दचकले. एक पाठ सरळ झाली.

"आगं बया. नाना?" भागीबाई चिखलातून फदाफदा बांधाकडे आली. "कोण गेलं?"

"कोणी नाही. भागीबाई, मी चुकलो. एक दिवस चुकलो. दहावा काल नव्हता, आज आहे. आणि गुळ्या सकाळपासून सापडत नाही. तुझी सुई राहिली माझ्यामुळे. आत्ता चल. अशीच चल."

मागच्या बायांनी रोपं हातात धरून कान टवकारले. मग भागीबाई इरलं मागे सारून म्हणाली, "सुई? ती तर मी सोमवारीच घेतली. पेठला. चंदरने गाडीवर नेली. तिथली नर्सबाई म्हणली, सात म्हंजे सोमवारच, आन् कुत्रं जगो नाय तर मरो, तू घ्यायची."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"तुम्ही येवढं बोटं मोजून सांगितलं. म्हणलं म्हाताऱ्या माणसाला कशाला वाईट वाटू द्या."

मागे एक बाई फिसकन हसली. नानाही हसले. हसू पोटातून आलं आणि ते बांधावर, ओल्या गवतात, धोतराची पर्वा न करता बसले. ऊन पडलं होतं. खाचरांतलं पाणी चमकत होतं आणि कोणालाही त्याची भीती नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिवस चुकला होता आणि कोणी मेलं नव्हतं. हे छापून यायला हवं, असं त्यांना वाटलं. भागीबाई बांधावरच्या तांब्याकडे वळली आणि वळता वळता थांबली. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. पाय समोर पसरलेले, टाचांच्या भेगांत तांबडी माती भरलेली.

"नाना," ती म्हणाली, आणि आता आवाज घरगुती नव्हता. "मला ते एकदा चावलं. तुमच्या टाचा तर रोज चाटायचं. कालबी चाटल्या का?"

नानांना आठवलं. पेढा खाऊन झाल्यावर. बराच वेळ. मोकळं केल्याच्या आनंदात. "हो," ते म्हणाले.

"तुम्ही किती सुया घेतल्या?"

"मी? मला कुठे चावला तो."

मागची बाई आता हसत नव्हती. भागीबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली, चिखलाचे हात गुडघ्यांवरून खाली सोडून. "माझे दहा दिवस सोमवारपास्नं धरले तुम्ही. मंग तुमचे कवापास्नं धरायचे? कालपास्नं? आन् ज्याला बघून मोजायचे, ते कुत्रं कुठंय?"

नानांचा अंगठा सवयीने करंगळीकडे गेला. पहिल्या पेरावर टेकणार, तेवढ्यात त्यांना निळ्या शाईचं ते शून्य आठवलं आणि अंगठा उचलला गेला. चार बोटांना बारा पेरं असतात. शून्याला पेर नसतं. अंगठा हवेत तसाच राहिला, कुठे टेकावं हे न कळून.

"चंदर!" भागीबाईने वरच्या खाचराकडे हाक मारली. "गाडी काढ! नानांला पेठला न्यायचंय!" मग तिने हात नानांच्याच धोतराच्या सोग्याला पुसले, तांब्या उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "घाबरू नका. पैली सुई आज पडंल. आधी पाणी प्या."

नानांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. पाणी काठोकाठ होतं.